रूपकातला समुद्र आणि वल्ह्याखालचे पाणी

मराठी समीक्षेत दर काही वर्षांनी एक हळहळ नियमाने उगवते. शाळेच्या भूगोलात ७२० किलोमीटर म्हणून आपण पाठ केलेला किनारा, सिंधुदुर्ग-विजयदुर्ग-खांदेरी अशी जलदुर्गांची माळ, कान्होजी आंग्र्यांसारखा सरखेल, एवढे सगळे असून मराठीत समुद्राचे साहित्य म्हणावे असे काही नाही. इंग्रजीत मेलव्हिल आहे, कॉनरॅड आहे, आपल्याकडे कोण आहे? हळहळ संपत आली की दोन कारणे सांगितली जातात. एक सिंधुबंदीचे, दुसरे मराठी वाङ्मयाचे केंद्र देशावर राहिल्याचे. श्रोते माना डोलावतात, चहा येतो, सत्र संपते. आम्ही नागपुरात साहित्य शिकवणारी आणि शिकणारी काही मंडळी आहोत. ही हळहळ आम्ही इतक्या चर्चासत्रांतून ऐकली आहे की तिचे निदान तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हांस वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की मराठीत समुद्राचा तुटवडा कधीच नव्हता. उलट तो वाजवीपेक्षा जास्त आहे. रूपक म्हणून आपण त्याला इतके राबवले, की पाणी म्हणून त्याच्याकडे पाहण्याची गरजच कुणाला उरली नाही.

आधी शब्दांकडे पाहू. भवसागर, ज्ञानसागर, करुणासिंधू, दयार्णव. नौका पैलतीरी लागणे, जीवनाची नाव भोवऱ्यात सापडणे. पाण्याविषयीचे आपले बहुतेक भारदस्त शब्द मुक्कामाला पोचतात ते परमार्थात, नाहीतर मनाच्या अवस्थांत. एक 'उधाण' हा शब्द घ्या. आनंदाला उधाण येते, उत्साहाला येते, निवडणुकीच्या दिवसांत अफवांनाही येते. खरे उधाण येते अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे. तेव्हा भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटी सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. किनाऱ्यावर त्याला 'भांग' म्हणतात. यातले उधाण तेवढे कवितेत आले, भांग कोळ्यांकडेच राहिला. आमच्या वर्गात 'भांग' म्हटल्यावर विद्यार्थ्यांना केस आठवतात, नाहीतर होळी. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. रूपकाला चढलेलेच पाणी लागते. ज्याला पहाटे होडी बाहेर काढायची आहे त्याला मात्र महिन्याच्या दोन्ही अंगांचा हिशेब ठेवावा लागतो.

सावरकरांच्या 'सागरा प्राण तळमळला'मध्ये समुद्र हा वचन मोडणारा आरोपी आहे. कुसुमाग्रजांच्या 'कोलंबसाचे गर्वगीत'मध्ये तो माणसाच्या जिद्दीपुढे उभा केलेला प्रतिस्पर्धी आहे. दोन्ही कवितांनी आपापले काम असे केले आहे, की त्यांना हात लावण्याची आमची प्राज्ञा नाही. आमची तक्रार त्यांच्या कवींविषयी नाहीच. या दोन कविता शिकवून झाल्या की समुद्राचा हिशेब चुकता झाला, असे मानणाऱ्या अध्यापनाविषयी ती आहे. गद्यातला समुद्र पाहावा तर तो बराचसा आगबोटीच्या उतारूचा आहे. मुंबईहून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या बोटी, धक्क्यावरची गर्दी, पडाव, आणि मग 'बोट लागणे'. मळमळीला मराठीने बोटीचे नाव दिले आणि आपल्या गद्याने समुद्राचा जो अनुभव सर्वांत निष्ठेने नोंदवला तो बहुधा हाच. उतारू हा सामान असतो. त्याला वाऱ्याची दिशा ठाऊक असण्याचे कारण नसते. (१७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दुर्घटनेच्या आठवणी किनाऱ्यावर आजही सांगितल्या जातात. त्या आठवणीही उतारूंच्या आणि वाट पाहणाऱ्यांच्या आहेत.)

आता या पार्श्वभूमीवर एक प्रत्यक्ष प्रवास ठेवू. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ साली मुंबई ते गोवा हे अंतर कयाक वल्हवत पार केले, आणि लगोलग २०१५-१६ च्या हिवाळ्यात द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंतचा सबंध पश्चिम किनारा. सुमारे ३,००० किलोमीटर, ८४ दिवस, होडीत एकटे. किनाऱ्यावरून शांजली शाही सायकलने त्याच दिशेने चालल्या होत्या. कयाक ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: लांबट, अरुंद, वरून झाकलेली होडी, बसणारा कमरेपर्यंत तिच्या आत, हातात दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे. बसणाऱ्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम दीड-दोन हात उंचीवर असतात. त्यामुळे त्याचे क्षितिज तीन-साडेतीन किलोमीटरांवर येऊन थांबते. 'अथांग', 'अनंत', 'अमर्याद' ही जी विशेषणे आपण समुद्राला लावतो ती गच्चीवरून किंवा कड्यावरून पाहणाऱ्याची आहेत, हे या एका गोष्टीवरून ध्यानात यावे. वल्हवणाऱ्याला समुद्र मर्यादित दिसतो, आणि म्हणूनच तो नीट वाचावा लागतो.

तो काय वाचतो? खंभातच्या आखाताच्या आतल्या भागात उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत दहा मीटरांच्या आसपास फरक पडतो, मुंबईला तो पाच मीटरांच्या घरात येतो, केरळात मीटरभर. म्हणजे 'भरती' हा एकच शब्द या किनाऱ्यावर तीन ठिकाणी तीन वेगळ्या घटनांना लावला जातो. गुजरातेत ओहोटीला होडी चिखलात मैलभर आत अडकू शकते. केरळात ओहोटी कधी झाली हे नवख्याच्या ध्यानातही येत नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, पाणी गुळगुळीत असते. दुपार कलली की वायव्येकडून वारा उठतो आणि पाणी खवळते. म्हणून दिवसाचे काम उजाडण्याच्या आधी सुरू करून दुपारच्या आत आटोपावे लागते. कोळ्यांच्या दिनक्रमाला हे सांगावे लागत नाही, सौर घड्याळापेक्षा तिथीचे घड्याळ तिथे अधिक चालते. खाडीच्या मुखाशी बाहेर पडणारे ओहोटीचे पाणी आत येणाऱ्या लाटेशी भिडते, तिथे वारा नसतानाही पाणी उभे राहते. आणि सर्वांत अवघड क्षण असतो तो किनाऱ्याला लागण्याचा. लाट उथळ पाण्यात येऊन फुटते आणि होडी आडवी झाली की उलटते. खोल पाण्यात होडी बरीचशी सुरक्षित असते. घात होतो काठाशी. आपल्या साऱ्या रूपकांत तीर म्हणजे सुटका आणि मधले पाणी म्हणजे संकट. लहान होडीचा अनुभव हे समीकरण उलटे करतो. एवढ्या एका उलटापालटीवर एखाद्या समर्थ कवीने संग्रह लिहावा. पण त्यासाठी कुणीतरी तो अनुभव मराठीत नीट मांडलेला हवा, आणि मांडलेला असेल तर तो साहित्य म्हणून वाचला गेलेला हवा.

प्रत्यक्षात काय झाले? आमच्या पाहण्यात आलेल्या मराठी मजकुरात किलोमीटर होते, दिवस होते, लिम्का बुकातली नोंद होती, 'दर्याशी झुंज' होती. म्हणजे पुन्हा कोलंबसच. झुंज देणारा माणूस अशा प्रवासात आठवड्याच्या आत परत येतो. ८४ दिवस टिकतो तो थांबणारा, वाट पाहणारा, वारा पडेपर्यंत वाळूत बसून राहणारा. या थांबण्याला आपल्या वृत्तपत्री मराठीत शब्द नाही, कारण त्यात बातमी नाही. आणि शांजली शाही यांचा सायकलप्रवास बातमीत 'साथ दिली' एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. खरे तर एकच दिवस दोन ठिकाणांहून लिहिला जातो आहे, एक पाण्यावरून आणि एक रस्त्यावरून, आणि संध्याकाळी दोन्ही मजकूर एका गावी भेटतात, अशी रचना प्रवासवर्णनाच्या कुठल्याही अभ्यासकाला भुरळ घालावी अशी आहे. आमच्या एकाही अभ्यासपत्रिकेने तिच्याकडे पाहिल्याचे आम्हांस आढळले नाही. विद्यापीठांतल्या प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात अजून 'लेखकाची सौंदर्यदृष्टी' आणि 'निसर्गवर्णनातील चित्रमयता' यांवर टीपा लिहून घेतल्या जातात. चित्रमयता! चित्र काढण्यासाठी माणसाला चित्राच्या बाहेर उभे राहावे लागते.

याआधी, १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात, दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यात बांधलेली, नाव गोव्याच्या नदीचे, नाविकाचे आडनाव मराठी. पुस्तक मात्र इंग्रजीत, 'द फर्स्ट इंडियन'. लेखकाने कोणत्या भाषेत लिहावे हा त्याचा प्रश्न आहे, त्यावरून गळा काढणाऱ्यांत आम्ही नाही. आमचा प्रश्न आमच्या बाजूचा आहे. त्यांनी मराठीत लिहिले असते तर त्या पुस्तकाला शेजार कोणाचा मिळाला असता? ग्रंथालयात ते 'क्रीडा' या फळीवर गेले असते, शिवछत्रपती पुरस्कार मिळवणाऱ्या मल्लांच्या चरित्रांशेजारी. साहित्याच्या फळीवर त्याला जागा करून देणारी समीक्षा आम्ही तयारच केलेली नाही.

येथवर वाचून कुणी म्हणेल, नागपूरकरांना समुद्राचा हा उमाळा कशासाठी? एका चर्चासत्रात हे आम्हांला हसत हसत विचारलेही गेले. देशाच्या मध्यावर, शून्य मैलाच्या दगडाशी बसून तुम्ही भरतीओहोटीच्या गोष्टी काय सांगता? प्रश्न विनोदाचा असला तरी त्यात एक गृहीत आहे आणि ते मराठी साहित्याच्या इतिहासलेखनात खोल मुरलेले आहे: समुद्र मुंबई-कोकणाचा, विदर्भ कोरडा. गृहीत तपासण्यासाठी नकाशा पुरे. नागपुरात पडलेला पाऊस अरबी समुद्राला जात नाही. नाग नदीतून तो कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, पुढे चपराळ्याजवळ वर्धा मिळून झालेल्या प्राणहितेला, सिरोंच्यापाशी गोदावरीला आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळतो. नागपूरलाही समुद्र आहे. तो पूर्वेचा आहे, आणि मराठी साहित्य पश्चिमेकडे तोंड करून बसले असल्यामुळे तो कुणाला दिसत नाही, इतकेच.

या वाटेवर पहिला मुक्काम येतो तो आंभोऱ्याचा. कुही तालुक्यातले हे गाव; वैनगंगा, कन्हान, आंब, मुरझा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम तिथे सांगितला जातो. मुकुंदराजाचा 'विवेकसिंधु' शके १११० चा. त्यात उल्लेखिलेली अंबानगरी म्हणजे हेच आंभोरे, असा वैदर्भीय अभ्यासकांचा दावा आहे, तर मराठवाडा अंबाजोगाईचे नाव सांगतो. हा वाद आम्ही इथे सोडवणार नाही. आम्हांला त्यातली वेगळीच गंमत दिसते. वादात नदीचे नाव पुरावा म्हणून येते, तिथीमिती येतात, समाधी येते. पाच नद्यांच्या त्या डोहावर डोंगा घालणाऱ्या माणसाला कुणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही. मराठीतला आद्यग्रंथ म्हणून मिरवणाऱ्या ग्रंथाच्या नावातच सिंधू आहे, आणि तो समुद्रापासून शेकडो मैलांवर, नदीच्या काठी बसून रचलेला, हे आमच्या मुद्द्याचे याहून चांगले प्रमाण कोणते? समुद्र न पाहता सिंधू लिहिता येतो, तो उत्तम लिहिता येतो, आणि मग आठशे वर्षे तेच आपल्याला पुरते. आज आंभोऱ्यापर्यंत गोसेखुर्दचे साचलेले पाणी आले आहे आणि त्यावर केबलांनी तोललेला दिमाखदार पूल उभा राहिला आहे. लोक त्यावरून पाणी पाहायला जातात. पाहायलाच.

याच वाटेने कधी काळी खरोखरीची वाहतूक करण्याचे घाटत होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना खोटे वाटते. धवळेश्वरम् येथे गोदावरीवर बांध घालणाऱ्या आर्थर कॉटनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात असा आग्रह धरला, की नागपूर-वऱ्हाडचा कापूस नदीवाटे पूर्व किनाऱ्यावर न्यावा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि झडपा यांचे काम सुरू झाले, सिरोंचा हे 'अप्पर गोदावरी' जिल्ह्याचे ठाणे झाले. दरम्यान १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली, कापूस पश्चिमेला वळला, आणि १८७१ मध्ये जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले. त्या एका वळणाने नागपूरचा समुद्र बदलला. कापसाबरोबर आपली नजरही मुंबईच्या बंदराकडे गेली. पुढे २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत वैनगंगा-प्राणहितेचे नाव आले खरे. पण गोसेखुर्दचे धरण (पायाभरणी १९८८), त्याखालचे बंधारे, सिरोंच्यासमोर २०१९ मध्ये वापरात आलेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्याचे खांब खचले तो मेडीगड्डाचा बांध, आणि पुढे पोलावरम, अशी ही वाट आता पायऱ्यापायऱ्यांची झाली आहे. कयाक घेऊन कुणी नागपुराहून समुद्राला निघालाच तर त्याचा बराच वेळ होडी खांद्यावर घेऊन चालण्यात जाईल. पहिले काही मैल तर शहराच्या सांडपाण्यातूनच जावे लागेल, ते वेगळेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा बचाव पथकांच्या होड्या गल्ल्यांतून फिरल्या. आमच्या पिढीच्या बहुतेक नागपूरकरांनी आपल्या शहरात कामावर असलेली होडी पाहिली ती तेव्हा.

आता त्या प्रवासाकडे वळू ज्याचे नाव घेतले की मराठी वाचक हमखास सांगेल, 'आपल्याकडेही जलप्रवासाची परंपरा आहे.' तो म्हणजे नर्मदा परिक्रमा. गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा', जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर', भारती ठाकूर यांचे 'नर्मदा परिक्रमा: एक अंतर्यात्रा'. वाचनालयांत ही पुस्तके हातोहात जातात आणि त्यांतले गोनीदांचे पुस्तक तर आम्हांला विशेष प्रिय आहे. पण परिक्रमेचा नियम आठवा. नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची, पायी चालायचे, आणि पात्र ओलांडायचे नाही. होडीत बसायचे ते एकदाच, नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, दक्षिण तीरावरून मिठीतलाईला जाण्यासाठी. म्हणजे मराठीतली सर्वांत लोकप्रिय नदीकथा ही नदीला स्पर्श करण्याचे मोजके प्रसंग ठरवून दिलेली काठाची कथा आहे. व्रत म्हणून त्या नियमाला स्वतःचे सौंदर्य आहे. साधकाने नदीला मर्यादा ओलांडून जाऊ नये ही भावना आम्ही समजू शकतो. पण समीक्षकाने तिला जलप्रवास म्हणू नये. 'अंतर्यात्रा' हा शब्द लेखिकेने प्रामाणिकपणे मुखपृष्ठावरच दिला आहे. नदी तिथे पुन्हा आतल्या प्रवासाचे निमित्त झाली आहे. आणि तो जो एक होडीचा टप्पा आहे, तो हाकणाऱ्या नावाड्याचे नाव आमच्या वाचनातल्या किती पुस्तकांत आले आहे, हे वाचकांनी स्वतः उघडून पाहावे.

सिंधुबंदीचे कारण आम्हांला अमान्य आहे ते इथेच. समुद्रयानाचा धर्मशास्त्रीय निषेध होता, यात शंका नाही. पण तो कोणावर होता? आंग्र्यांच्या आरमारात गलबते कोण हाकत होते? कोळी, भंडारी, गाबीत. त्यांच्यावर सिंधुबंदी नव्हती आणि असती तर आरमारच झाले नसते. 'मराठी माणसाने समुद्राकडे पाठ फिरवली' या वाक्यातला मराठी माणूस हा समाजाचा एक तुकडा आहे, लिहिणारा तुकडा, आणि तो सगळ्यांच्या वतीने पाठ फिरवून मोकळा झाला आहे. ज्यांनी पाठ फिरवली नाही ते त्याच्या हिशेबात भरत नाहीत. विदर्भात हाच न्याय ढिवरांना लागू आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणवतो. मामा तलावांवर, वैनगंगेच्या डोहांवर ढिवरांची डोंगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. धरण झाले तेव्हा वाहत्या नदीचे मासे गेले, साचलेल्या पाण्याचे आले, आणि ज्या पाण्यावर ते वाढले त्यावरच्या मासेमारीच्या हक्कासाठी त्यांना अर्जविनंत्या करण्याची वेळ आली. पाण्याचे ज्ञान ही त्यांची विद्या आहे आणि ती लेखी नाही. मराठीत पाण्याचे साहित्य नाही याचा अर्थ ज्यांना पाणी येते त्यांच्यापर्यंत लेखणी पोचली नाही आणि ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांना विचारावेसे वाटले नाही, असा होतो.

कोळीगीतांचा दाखला देऊन यावर कुणी आक्षेप घेईल. शान्ता शेळके यांच्यासारख्या समर्थ कवयित्रीने लिहिलेली कोळीगीते घराघरांत गेली, हे खरे. त्यांचे पुढे काय झाले हेही पाहा. नागपुरातल्या कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनाला जा. चौथी-पाचवीच्या मुली हिरवी लुगडी नेसून, टोपल्या कमरेवर घेऊन नाचताना दिसतील. त्यांच्यातल्या एकीनेही शाळेपासून पाच-दहा मैलांवरची ढिवरवस्ती पाहिलेली नसते, आणि त्या वस्तीतली मुलगी वर्गात असलीच तर तिला कोकणातल्या कोळिणीचा वेश भाड्याने आणावा लागतो.

परदेशी उदाहरणे आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवली, कारण त्यांचा उपयोग आपल्याकडे बहुधा न्यूनगंड जोपासण्यासाठी होतो. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाचे 'रॉब रॉय' या छोट्या होडीतून केलेल्या युरोपप्रवासाचे पुस्तक १८६६ साली निघाले. ते वाचलेल्या पिढीतल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८७६ साली बेल्जियम-फ्रान्सचे कालवे आणि नद्या अशाच होडीतून पालथ्या घातल्या आणि १८७८ मध्ये 'अ‍ॅन इनलँड व्हॉयेज' हे आपले पहिले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. त्यात विक्रम नाही. पाऊस आहे, कालव्यांच्या झडपा आहेत, फिरते विक्रेते समजून खानावळीतून हाकलून दिलेले दोन तरुण आहेत. होडीतून उतरलेल्या माणसाकडे काठावरचा समाज कसा पाहतो, यावर ते पुस्तक उभे आहे. उलट ऑस्कर स्पेक हा जर्मन १९३२ मध्ये उल्म येथे डॅन्यूब नदीत घडीची कयाक घालून निघाला, नद्या आणि किनारे करीत कराचीहून आपल्या पश्चिम किनाऱ्याने १९३५ मध्ये लंकेला गेला आणि सात वर्षांनी, १९३९ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला, तेव्हा युद्ध सुरू झालेले असल्यामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडला गेला. सुमारे ५०,००० किलोमीटर वल्हवलेल्या या माणसाला साहित्यात जागा नाही, कारण त्याने स्टीव्हन्सनसारखे लिहिले नाही. म्हणजे केवळ वल्हवण्याने साहित्य होते असे आम्ही म्हणतो आहोत, असा समज कुणी करून घेऊ नये. आणि ज्या कयाकवर या सगळ्यांची भिस्त, ती मुळात ध्रुवप्रदेशातल्या इनुइटांची शिकारीची होडी. लाकडाच्या वा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली, पोट भरण्याचे हत्यार. तिला साहसाचे साधन केले ते पाहुण्यांनी. युरोपीय प्रवाससाहित्याने इनुइटांना विसरून जे केले तेच आम्ही ढिवरांच्या डोंग्याबाबत करावे, यात काही भूषण नाही.

'कल्पनाशक्तीला वल्ह्याची गरज नसते' असे आम्हांला सुनावले जाईल, म्हणून आधीच सांगतो: नसते. पण कल्पनाशक्तीला शब्दांची गरज असते, आणि शब्द कामातून येतात. १८३१ साली मोल्सवर्थने आपला कोश केला तेव्हा कोकणातले शब्द वेगळी खूण करून त्यात घेतले. नावेचे भाग, वारे, जाळी यांची नावे त्या इंग्रज कोशकाराला नोंदवण्याजोगी वाटली. नंतरच्या जवळजवळ दोनशे वर्षांत त्यांतले किती शब्द मराठी कथा-कादंबरीत वापरले गेले, हे काम एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे. 'अमुक कवीच्या काव्यातील निसर्गप्रतिमा' या विषयावरचे प्रबंध काही वर्षे थांबले तरी मराठी समीक्षेचे नुकसान होणार नाही.

विदर्भाच्या बाजूने तर असा कोशही नाही. वैनगंगेच्या डोंग्याच्या भागांना काय म्हणतात, पुराचे पाणी चढताना आणि उतरताना त्याला वेगळी नावे आहेत काय, पवनीच्या वरचे आणि खालचे डोह ढिवर कोणत्या नावांनी ओळखत होते आणि धरणाखाली त्यांतली कोणती बुडाली, यांतले काही आज विचारले तर मिळेल. सांगणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत. येत्या हिवाळ्यात पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी आंभोऱ्याला नेऊन पुलावर न चढता घाटावर बसवावेत आणि ढिवरांच्या डोंग्यातून संगम ओलांडून मग प्रवासवर्णनाचा तास घ्यावा, असा प्रस्ताव आम्ही आमच्या विभागात मांडला आहे. त्यावर 'ही सहल आहे की अध्यापन?' अशी विचारणा झाली आहे. कागद अजून फिरतो आहे.

तोवर एका शब्दाचा शोध आम्ही सुरू केला आहे. खडक किंवा बंधारा आडवा आला की होडी पाण्याबाहेर काढून, खांद्यावर घेऊन, पलीकडच्या पाण्यात घालावी लागते. देवलमरीच्या खडकांपाशी कॉटनच्या माणसांनी सुरुंग आणि कालवे आणण्याआधीही नावाडी हे करीतच असणार. या कृतीला फ्रेंचांनी एक शब्द केला आणि तो इंग्रजीने उचलला. मराठी कोशांत आम्हांला तो सापडला नाही. सिरोंच्याकडे, अहेरीकडे, पवनी-कुहीकडे ज्यांचे येणेजाणे आहे त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या ढिवरांना विचारावे आणि मिळाला तर आम्हांला कळवावा. तेलुगू किंवा माडिया असला तरी चालेल.